फॉर्मवर लिहायचं मूळ गाव

प्रिय बाळा,

काल हॉस्टेलवरून तू फोन केलास, पप्पा फॉर्मवर मूळ गाव काय लिहू, तेव्हा मी मार्केटमध्ये गाडी खाली करत होतो म्हणून नुसतं सातारा लिही म्हणालो आणि फोन ठेवला. रात्री झोप लागेना, असं कसं एका शब्दात सांगितलं मी.

आपलं गाव जावळीत, बामणोलीवरून लाँचने जातो ते तुला माहितीय, पण लाँच ज्या पाण्यावरून जाते ना त्याच्या तळाला आपली भाताची खाचरं आहेत. कोयना धरण झालं, शिवसागरचं पाणी चढत आलं, खोऱ्यातली सपाट जमीन गेली आणि उरला डोंगर, त्यावर नाचणी नि वरी. काही घरं उठून ठाणे-रायगडकडं गेली, आजोबा वरच्या अंगाला सरकले. त्यात 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे भूकंप, आजीनं तुझ्या आत्याला झोळीतून उचललं आणि मागची भिंत पडली.

मग आजोबा मुंबईला, मशीद बंदरला दाणाबाजारात. शंभर किलोची गोणी पाठीवर, झोपायला गावकीचा गाळा, म्हणजे गावातल्या सगळ्यांची मिळून एक खोली, तिथं पण पाळीपाळीनं पाठ टेकायची, आणि लागलं खुपलं तर बस घरी, ना रजा ना पैसा. अण्णासाहेब पाटील आपल्याच जिल्ह्यातले, पाटणचे, त्यांनी ही माणसं एकत्र केली आणि 1969 ला माथाडी कायदा झाला, डोक्या-पाठीवर ओझी वाहणाऱ्या हमालांसाठीचा. मालकानं मजुरी माथाडी बोर्डात भरायची, वर लेव्ही म्हणजे मजुरीवर ठरावीक टक्के जादा, त्यातून फंड, बोनस, ग्रॅच्युइटी, दवाखाना. आपलं कोपरखैरण्याचं घर आजोबांच्या त्याच फंडातून आलं बाळा, मी आज माथाडींच्या टोळीत आहे तोही त्यांच्याच जागी.

एक गोष्ट मला अजून लागते. त्या कोयनेच्या पाण्यावर 1960 मेगावॅट वीज होते, बोगद्यातून पाणी पार पोफळीला उतरतं, सगळ्या महाराष्ट्राला उजेड, आणि काठावरच्या आपल्या वाडीत मी सातवीपर्यंत रॉकेलच्या चिमणीवर अभ्यास केला.

मे महिन्यात चार दिवस काढ, आजीला घेऊन जाऊ. थोरलं, आंब्याचं, वड्याकडचं, खाचरांची नावं तिला अजून तोंडपाठ आहेत, लाँचमध्ये बसली की पाण्याकडं बोट करून सांगते कुठलं कुठं होतं. तू फोनवर रेकॉर्ड करून घे. आणि फॉर्मवर नुसतं सातारा नको, तालुका जावळी पण लिही.

तुझे पप्पा