युद्ध संपलं, पण पुढचं कोण शिकवणार?

संपादक महोदय, नमस्कार.

माझी मुलगी इथे अमेरिकेत आठवीत आहे. सिव्हिल वॉर, म्हणजे गुलामगिरीवरून उत्तरेकडच्या आणि दक्षिणेकडच्या राज्यांत झालेलं यादवी युद्ध, शिकवताना गेटिसबर्गची लढाई, सेनापती, लढायांचे नकाशे असं सगळं तीन आठवडे चाललं आणि १८६५ नंतरची बारा वर्षं, म्हणजे रिकन्स्ट्रक्शन (हरलेल्या दक्षिणेची पुनर्बांधणी आणि गुलामगिरीतून सुटलेल्यांना हक्क देण्याचा काळ), एका तासात उरकलं, हे मला फार खटकतंय. खरी गोष्ट तर तिथेच आहे ना! १८७० ला हायरम रेव्हल्स पहिले कृष्णवर्णीय सिनेटर झाले, तेही दक्षिणेतल्या मिसिसिपीतून, आणि १८७७ ला केंद्र सरकारने सैन्याचा आधार काढल्यावर त्याच दक्षिणेत कृष्णवर्णीयांचा मतदानाचा हक्क हळूहळू हिरावला गेला, हे मुलांना कळायला नको का?

मुलांना झेपणार नाही म्हणतात. पण गुलामगिरीतून सुटलेल्या लोकांनी त्या वेळी पेपरात जाहिराती दिल्या होत्या, विकल्या गेलेल्या आईला, भावंडांना शोधायला. त्यात फक्त नाव, जुन्या मालकाचं नाव, शेवटचं कुठे पाहिलं एवढंच. त्यातली एक मी मुलीला वाचून दाखवली तर बराच वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, "आई, त्याला त्याची आई सापडली का गं?" शिक्षकांनो, अशा चार जाहिराती तरी वर्गात वाचाच.

– एक पालक