बाबा, ते चित्र पुन्हा एकदा बघा

मेलबर्न

ती. बाबांना,
सा. न.

परवा फोनवर सेरेना विल्यम्स या टेनिसपटूच्या व्यंगचित्राचा विषय अर्धवट राहिला. तुमची संध्याकाळच्या फिरण्याची वेळ झाली, इथे धाकटी झोपेला आली, आणि "अगं, कार्टूनच आहे ते, त्यात वर्णद्वेष कसला शोधता?" असं म्हणून तुम्ही फोन आईकडे दिलात. म्हणून हे सविस्तर. आईनेही वाचावं, टेनिसचा भाग तिने गाळला तरी चालेल.

थोरल्याला शाळेत 'मीडिया' असा एक विषय आहे. त्यात यंदा निबंधाला एक व्यंगचित्र दिलंय. इथल्या 'हेराल्ड सन' या मोठ्या खपाच्या पेपरात आलेलं, मार्क नाइट यांचं, सेरेना विल्यम्सवरचं. तुम्ही ती मॅच पाहिली असणारच. 8 सप्टेंबर 2018, यूएस ओपनची फायनल, नाओमी ओसाकाने सेरेनाला 6-2, 6-4 असं हरवलं. कोचने इशारे केल्याबद्दल सेरेनाला आधी ताकीद मिळाली, मग रॅकेट मोडल्याबद्दल एक गुण गेला, आणि पंच कार्लोस रामोस यांना 'चोर' म्हटल्यावर अख्खा गेम गेला. वर 17 हजार डॉलर दंड. त्या दिवशी ती चुकली यावर तुमचं-माझं भांडण नाहीच.

10 तारखेला चित्र छापून आलं. सेरेना हवेत उडी मारून रॅकेटवर आदळतेय. खाली जमिनीवर लहान बाळाची चोखणी पडलीय. इथे कोणी मोठा माणूस आदळआपट करायला लागला की त्याने चोखणी थुंकली असं म्हणतात, त्यावरचा विनोद. मागे पंच ओसाकाला विचारतोय, "तिला जिंकू देतेस का जरा?" इथवर मलाही हसू आलं.

पण बाबा, चेहरा बघा. तुम्ही या बाईला वीस वर्षं टीव्हीवर बघताय. पॉइंट घेतल्यावर ती कशी मूठ आवळते हे तुम्ही नक्कल करून दाखवायचात. त्या चित्रात तिचं काय आहे? प्रचंड ओठ, फेंदारलेलं नाक, अवाढव्य धड. रॅकेट आणि कपडे हाताने झाकले तर ती सेरेना आहे हे कळत नाही. कळतं ते एवढंच, की ही काळी बाई आहे. आणि ती कुठली काळी बाई, हे अमेरिकेतल्या शंभर वर्षांपूर्वीच्या जाहिराती पाहिलेल्या माणसाला लगेच कळतं. गोरे नट तोंडाला काळं फासून, ओठ मोठे रंगवून काळ्यांची नक्कल करायचे, त्या खेळांच्या पोस्टरांवरचा तो ठरलेला चेहरा. दक्षिणेतल्या राज्यांत काळ्यांना रेल्वेत वेगळ्या डब्यात बसवायचे कायदे होते तो काळ. हे लोक पोरकट, रागीट, बेताल आहेत असं चित्रांतून रोज डोळ्यांसमोर येत राहिलं की तसे कायदे कोणाला खटकत नाहीत.

ओसाकाची तर कमालच आहे. वडील हैतीचे, आई जपानी. सावळा रंग, कुरळे केस, टोकाला सोनेरी केलेले. चित्रात मात्र एक सडपातळ, गोरी, सरळ सोनेरी केसांची पोरगी उभी आहे. केस तर सोनेरीच होते की, असं चित्रकाराच्या बाजूने म्हणतात. असतील. पण बाकीची मुलगी कुठे गेली? माझ्या मते सेरेनाच्या ओठांपेक्षा हा पुरावा जास्त भक्कम आहे. चित्रात भांडकुदळ काळी आणि सोसणारी गोरी अशी जोडी हवी होती, ती भरली; कोर्टावर प्रत्यक्षात कोण होतं हे कोणी पाहिलंच नाही.

नाइट यांचं म्हणणं असं, की मी वागण्यावर काढलंय, थोड्याच दिवसांपूर्वी निक किर्गिओस या इथल्या टेनिसपटूलाही असाच झोडला होता. झोडला होता हे खरं. पण तो किर्गिओस म्हणून झोडला गेला. लक्ष्मणांनी इंदिराबाईंचं नाक केवढं लांबवलं, पण ते इंदिराबाईंचंच नाक होतं, समस्त भारतीय बायकांचं नव्हतं. बालगंधर्वच्या कलादालनात व्यंगचित्रांच्या प्रदर्शनाला तुम्ही मला न्यायचात, तेव्हा तुम्हीच सांगायचात की अर्कचित्र काढणारा आधी माणूस नीट बघतो आणि मग वाकडा करतो. तुमचीच फूटपट्टी लावतेय.

जगभर बोंबाबोंब झाल्यावर पेपरने माफी मागायची सोडून 12 तारखेला तेच चित्र आणखी नेत्यांच्या अर्कचित्रांसह पहिल्या पानावर छापलं. आता असंच गुळमुळीत जग येणार, सवय करा, अशा थाटात. मग तक्रारी इथल्या प्रेस कौन्सिलकडे गेल्या. फेब्रुवारी 2019मध्ये कौन्सिलने निकाल दिला, की काहींना चित्र आक्षेपार्ह वाटलं हे मान्य, पण नियमभंग नाही. चिडलेल्या खेळाडूवरची ती थट्टा आहे आणि बहुतेक ऑस्ट्रेलियन वाचकांना ती तशीच कळते. मला निकाल पटला नाही. 'बहुतेक वाचकां'त या शहरातली सुदानी पोरं धरली होती का, हा माझा प्रश्न. कारण 2018 सालीच इथे 'आफ्रिकन टोळ्यां'चा एवढा गाजावाजा चालला होता, की केंद्रातले एक मंत्री म्हणाले होते, मेलबर्नची माणसं रात्री हॉटेलात जेवायला जायला घाबरतात. मी जात होते. टेबल मिळायचं नाही एवढी गर्दी असायची.

आता तुमचा मुख्य मुद्दा: हेतू. त्या माणसाच्या मनात तसं नसेल तर? नसेलच, मी त्याला दुष्ट म्हणत नाही. पण 2014 आठवा. 24 सप्टेंबरला मंगळयान पोचलं, आणि काही दिवसांतच न्यूयॉर्क टाइम्समध्ये चित्र आलं. बंद खोलीत सुटाबुटातले दोघे पेपर वाचत बसलेत, दारावर 'उच्चभ्रू अंतराळ क्लब', आणि बाहेर फेटेवाला शेतकरी गाय घेऊन दार ठोठावतोय. तुम्ही दोन दिवस धुमसत होतात. साडेचारशे कोटींत मंगळ गाठला तरी यांना गायच दिसते, असं येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत होतात. पेपरने माफी मागताना सांगितलं, की अंतराळ ही आता श्रीमंत देशांचीच मिरास राहिलेली नाही हेच चित्रकाराला दाखवायचं होतं. म्हणजे हेतू कौतुकाचा होता! तेव्हा तुम्ही हेतू विचारला नाहीत. फेटा आणि गाय पाहिलीत, आणि बरोबर पाहिलंत.

पुढच्याच वर्षी पॅरिसच्या हवामान करारानंतर इथल्या 'द ऑस्ट्रेलियन'मध्ये बिल लीक यांचं चित्र आलं होतं. गरिबांना सौर पॅनेलं पाठवलीत, आणि हाडकुळे भारतीय ती फोडून आंब्याच्या चटणीशी खाताहेत. तुम्हाला ते कळवलं असतं तर तुम्ही पुन्हा दोन दिवस जेवला नसतात.

मात्र आपल्यावरचं प्रत्येक बोचरं चित्र मी वर्णद्वेषी म्हणणार नाही. एप्रिल 2023मध्ये जर्मनीच्या 'श्पीगल'मध्ये लोकसंख्येवरून आलं होतं ना, टपावरही माणसं असलेली आपली जुनाट गाडी चीनच्या बुलेट ट्रेनला मागे टाकतेय? आपले मंत्रीसुद्धा चिडले. मला ते फक्त शिळं वाटलं. गंमत म्हणजे ते काढणारे पॅट्रिक शापात हे 2019मध्ये न्यूयॉर्क टाइम्समधली जागा गेलेले चित्रकार. नेतान्याहूंवरचं दुसऱ्याच कोणाचं तरी चित्र ज्यूद्वेषी ठरलं आणि त्या पेपरने आपल्या आंतरराष्ट्रीय आवृत्तीतून राजकीय व्यंगचित्रंच बंद करून टाकली. हा मात्र शुद्ध पळपुटेपणा. संपादकाने चित्र छापायच्या आधी डोळे उघडे ठेवायचे, की नंतर भिंतच पाडायची?

तुम्ही म्हणालात, असंच चालू राहिलं तर पुण्यात झालं तसं होईल. 2012चं म्हणताय हे मला कळलं. अकरावीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकातलं व्यंगचित्रकार शंकर यांचं 1949चं चित्र: घटनेच्या गोगलगायीवर बाबासाहेब, मागे चाबूक घेतलेले नेहरू. संसदेत गदारोळ झाला, सुहास पळशीकर आणि योगेंद्र यादव यांनी त्या पुस्तकाचं सल्लागारपद सोडलं, आणि दुसऱ्या दिवशी पळशीकरांच्या पुणे विद्यापीठातल्या खोलीची मोडतोड झाली. ती मोडतोड तेव्हाही चूक होती, आजही आहे. पण एक सांगू? आपल्या कोथरूडच्या दिवाणखान्यात तेव्हा सगळे म्हणत होते, की लोकांना हसताच येत नाही. बाबासाहेबांच्या पाठीमागे चाबूक बघून ज्याच्या पोटात कालवतं असा एकही माणूस त्या दिवाणखान्यात नव्हता. शंकर यांनी घटनेच्या संथ कामावर काढलं होतं, चाबूक बाबासाहेबांच्याही हातात आहे, हे सगळं मान्य. ते चित्र मी पुस्तकात ठेवलंच असतं. फक्त खाली चार ओळी जास्त लिहिल्या असत्या, आणि त्या लिहायला आपल्या दिवाणखान्याबाहेरचं कोणीतरी बोलावलं असतं.

चित्राला वर्णद्वेषी म्हणणं ही टीका आहे हो, बंदी नाही. तुम्ही मंगळयानाच्या वेळी तेच केलंत आणि कोणाच्या काचा फोडायला गेला नाहीत. सेरेनाच्या चित्राबद्दल मी तेवढंच करतेय.

राहता राहिला तुमचा नातू. त्याने निबंधात प्रेस कौन्सिलची बाजू घेतलीय! त्याचं म्हणणं, चोखणीमुळे चित्राचा अर्थ वागण्याकडेच जातो, आणि आई उगाच ओठ मोजतेय. ओसाकाबद्दल विचारलं तर "त्यावर शनिवारी विचार करतो" म्हणाला. सोमवारी निबंध द्यायचाय. तेव्हा रविवारी फोन कराल तेव्हा आधी त्याच्याशी बोला, आणि चित्र समोर उघडून ठेवा. त्याच्या बाजूने बोललात तरी माझी हरकत नाही, पण ती सोनेरी केसांची मुलगी कोण हे त्याला विचारायचं विसरू नका.

आईला नमस्कार. गुडघ्याच्या एक्स-रेचं काय झालं ते तिने कळवलेलं नाही, तुम्ही कळवा.

तुमची,
लेक