मामा, तुम्ही ‘हे आपलं काम न्हाय’ म्हणाला नाहीत

मामा, रामराम.

हे पत्र तुम्हालाच आहे पण सगळ्यांसमोर लिहितेय, कारण साताऱ्यात आता बऱ्याच जणांनी इलेक्ट्रिक सायकली घेतल्यात, अजून कितीतरी जण घेऊ का नको करतायत, आणि त्यांनाही कळूदे की राजवाड्याच्या वरच्या अंगाला एका छोट्या दुकानात असा एक माणूस बसतो. तुम्ही मोबाईलवर काही वाचत नाही हे माहितीये मला, नातवाला सांगून ठेवलंय, तो वाचून दाखवेल.

बाकीच्यांसाठी आधी थोडं सांगते. माझी शाळा यवतेश्वरच्या पुढं, कास रोडवरून आत. घरापासून दहाएक किलोमीटर आणि त्यातला निम्मा रस्ता निव्वळ चढ. एसटी आहे पण शाळेच्या वेळेला जुळत नाही, वडाप म्हणजे शेअर जीप मिळाली तर मिळाली नाहीतर उभं राहायचं, आणि घरातली स्कूटी मिस्टरांना एमआयडीसीत जायला लागते. म्हणून ही इलेक्ट्रिक सायकल घेतली. २५० वॅटची मोटर, २५ च्या स्पीडला पोचली की मोटर आपोआप सुटते, या मापात बसणाऱ्या सायकलीला कायद्यानं सायकलच धरतात त्यामुळं लायसन नको, पासिंग नको, नंबरप्लेट नको. बॅटरी ३६ व्होल्ट १० अँपिअर-अवर म्हणजे ३६० वॅट-तास, पूर्ण रिकामी बॅटरी फुल करायलासुद्धा अर्धं युनिट लाईट लागत नाही. मला तर वाटतं आपल्यासारख्या डोंगराच्या गावाला यापेक्षा चांगलं वाहन नाही, विशेषतः बायकांना, कुणावर अवलंबून राहावं लागत नाही.

पण विकणारे विकून मोकळे होतात हो. जाहिरातीत डोंगर दाखवतात, आणि डोंगरात बंद पडली की बघायला कोणी नसतं. पहिल्याच पावसाळ्यात घाटात चढाला सायकल हिसके द्यायला लागली, मोटर मधेच जोर करायची मधेच सोडायची, घरघर आवाज, सपाटीला आलं की परत ठीक. फोन केला तर सांगितलं ट्रान्स्पोर्टनं पाठवून द्या, तीन-चार आठवडे लागतील. मग मी गावात फिरले. सायकलवाले म्हणाले मॅडम हे लाईटचं काम आहे, आपण नाही हात लावत. मोटरसायकलच्या गॅरेजवाले म्हणाले सायकल आहे ही, आमच्याकडं कुठं आणलीय. एकालाही दोष देत नाही मी, उगाच महाग वस्तू हातात घेऊन बिघडवली तर काय करायचं ही भीती सगळ्यांनाच असते. पण दोन्हीकडून नाही म्हटल्यावर ती सायकल कोणाचीच नाही अशी झाली होती, आणि शाळा तर रोज होती.

तुमच्याकडं आले तेव्हा तुम्ही हवा मारत होता कुणाच्या तरी चाकात. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणालात, “बाई, सायकल तर हाय न्हवं ही? मग ऱ्हाऊ द्या हितं. मोटारीचं काय आसंल ते इचारून घिऊ.” मामा, एवढं एक वाक्य ऐकायला मी किती दुकानं फिरले होते तुम्हाला कल्पना नाही.

आणि खरंच विचारून घेतलंत तुम्ही. तुमचे ते मोटार रिवायंडिंगवाले मित्र आहेत ना, शेतातल्या पंपाच्या मोटारी भरून देणारे, त्यांना बोलावलंत, दोघं खाली बसून मागच्या चाकातनं येणारी वायर बोटानं चाचपत गेलात चेनच्या दांडीपर्यंत, तिथं तो जाड गोल कनेक्टर. ओढून उघडला तर आतल्या बारीक पिना हिरव्या पडलेल्या. त्यांनी मला समजावून सांगितलं की या मोटरला ब्रश नसतात, तीन जाड वायरींतनं करंट जातो आणि बाकीच्या बारीक वायरी आत बसवलेल्या सेन्सरच्या, चुंबक कुठं आलंय ते सेन्सर कंट्रोलरला सांगतात आणि त्याप्रमाणं कंट्रोलर करंट सोडतो. त्या बारीक पिनांवर पाणी बसलं की निरोप तुटतो आणि मोटर हिसके देते, आणि चढाला स्पीड कमी म्हणून तिथंच जास्त जाणवतं. तुम्ही जुन्या दात घासायच्या ब्रशनं एकेक पिन साफ केली, हवेनं वाळवली, ग्रीस लावलं, आणि बाणावर बाण जुळवून कनेक्टर परत दाबला.

पण मला खरं कौतुक वाटलं ते त्याच्या पुढच्या कामाचं. वायर वरनं सरळ उतारानं कनेक्टरमध्ये येत होती, म्हणजे पावसाचं पाणी वायरवरनं घरंगळत बरोब्बर तिथंच. तुम्ही क्लिपा सोडल्या, वायरीला खाली झोल दिला आणि मग वर घेऊन कनेक्टरला नेली, म्हणालात खांबावरनं घरात वायर घेताना वायरमन आसंच करतो, पाणी झोलातनंच टपकून जातंय. तेव्हापासून यवतेश्वरच्या त्या आडव्या पावसात, दहा फुटांवरचं दिसत नाही अशा धुक्यात सायकल नेलीये, हिसका नाही. कारखान्यात एवढं मोठं डिझाइन करणाऱ्यांना हे कसं सुचत नाही हो?

नंतर तुम्ही विचारलंत चढाला पाय कसे चालतात. म्हटलं जड जातं, सगळ्यात हलक्या गिअरलाही. तुम्ही दात मोजले, पुढं ४२ मागं २८, म्हणजे पायडलचा एक फेरा मारला की चाकाचे दीड फेरे. आठवड्यानं ३४ दातांचं फ्रीव्हील, म्हणजे मागचं दात्यांचं चक्र, मागवून बसवलंत, चेन थोडी वाढवलीत, आता एका फेऱ्याला चाक सव्वा फेऱ्याच्याही जरासं आतच फिरतं. ऐकायला काहीच वाटत नाही पण ज्यानं समर्थ मंदिरापासून वर सायकल काढलीये त्यालाच कळेल हा फरक काय आहे ते. माझे गुडघे तुम्हाला दुवा देतात.

त्या दिवशी तुम्ही सांगितलेलं एक वाक्य मी पुढं कितीतरी जणांना सांगितलंय, “मोटारीला पळू द्या, रांगू दिऊ नका.” चाकातली मोटर सात-आठच्या स्पीडनं रेटत नेली की करंट जास्त खाते, आणि त्यातला बराचसा नुसता उष्णतेत जातो, चाकाचा मधला भाग हात लावला तर चटका बसतो. हलका गिअर टाकून पाय भराभर चालवले, स्पीड बारा-तेराला धरला तर तीच मोटर गार राहते आणि बॅटरी पुरते. नुसती मूठ पिळून बसून राहायचं नाही, पाय चालूच ठेवायचे. मी वर्गातल्या पोरांना गणित घालते तसं कागदावर मांडून बघितलं, मी आणि सायकल आणि दप्तर मिळून समजा नव्वद किलो, चढाची उंची समजा चारशे मीटर, तर नुसतं एवढं वजन वर उचलायलाच साधारण ९८ वॅट-तास लागतात, म्हणजे बॅटरीचा पाव भाग आणि वर थोडं. मोटरमध्ये वाया जातं ते वेगळं, आणि माझे पाय देतात ते त्यातनं वजा. म्हणजे पाय जेवढे देतील तेवढी बॅटरी संध्याकाळला शिल्लक, यवतेश्वरच्या वरच्या पठारावर समोरनं वारा असला तर तीच कामाला येते. हे गणित मी आता सातवीला घालतेच, पोरं आवडीनं सोडवतात, कारण बाईंची सायकल बाहेर उभी असते.

आणि मीटरवरचे बॅटरीचे दांडे चढाला पटापट पडतात आणि सपाटीला परत येतात, त्याला घाबरायचं नाही हेही तुमच्याच दुकानात कळलं. जोर लागला की व्होल्टेज तेवढ्यापुरतं बसतं, जोर सुटला की वर येतं. खरा आकडा बघायचा असेल तर थांबून, पाचेक मिनिटांनी. वर पोचल्यावर लगेच चार्जिंगला लावायची नाही, बॅटरी गार होऊ द्यायची, हे रिवायंडिंगवाल्या काकांनी सांगितलं. मी दुसऱ्या तासाच्या सुट्टीत लावते.

आता पंक्चरचं. मागच्या चाकात मोटर म्हणून कुठंही पंक्चरला नेलं की लोक हात वर करतात, चाक कसं काढायचं म्हणतात. तुम्ही चाक काढलंच नाही. सायकल आडवी केली, टायरची एक बाजू दोन पान्यांनी उचलली, ट्यूब तेवढीच बाहेर ओढली, घमेल्यातल्या पाण्यात पुढं सरकवत नेली, बुडबुडे आले तिथं कागद घासला, सोल्युशन लावून फुंकर मारली, ठिगळ चिकटवून हातोडीनं दोन ठोके. काटा टायरमध्येच होता अजून, तो आतनं बोट फिरवून शोधून काढलात, नाहीतर परत पंक्चर ठरलेलं. सगळं मिळून चहा गार व्हायच्या आत.

टायर बदलायचा होता तेव्हा मात्र चाक काढावं लागलं आणि तेव्हा तुमची खरी शिस्त बघितली. पेपर अंथरलात, डाव्या बाजूचा नट, वॉशर, ती कान असलेली पट्टी, सगळं ज्या क्रमानं निघालं त्याच क्रमानं एका ओळीत, उजव्या बाजूचं दुसऱ्या ओळीत, आणि कान कुठल्या खाचेत होता तिथं फ्रेमवर खडूनं खूण. मला दाखवलंत, “ह्यो कान खाचंत बसला न्हाय तर आस उलटा फिरंल आन् वायर पिरगाळून तुटंल.” मोटर चाकाला पुढं ढकलते तेवढाच आसाला मागं रेटा बसतो, तो धरून ठेवायला ती पट्टी, हे मला कोणत्याही पुस्तकात सापडलं नव्हतं. ई-सायकल असणाऱ्या प्रत्येकानं हे लक्षात ठेवा, कुठंही चाक काढलं तर बसवताना ती पट्टी स्वतः डोळ्यानं बघा.

चाकाचे आरे तुटायला लागले होते तेही तुम्हीच थांबवलंत. एवढं वजन मागं, रस्त्याला खड्डे, आणि आरे साध्या सायकलीचे. जाड आरे घालून आऊट काढलात, म्हणजे चाकाची डगमग घालवलीत, आणि महिन्यानं परत या ताण बघायला असं बजावून सांगितलंत. गेले नाही तर फोन आला तुमचा! कुठला दुकानदार असा फोन करतो मामा, सांगा बरं.

उताराचंही सांगायचं राहिलं. या जातीच्या मोटरला उतारावर बॅटरी भरता येत नाही, आत फ्रीव्हीलसारखं असतं, चाक पुढं सुटतं आणि मोटर थांबून राहते, त्यामुळं पंचवीस किलोची सायकल आणि आपण, सगळा भार ब्रेकवर. सलग दाबून धरला की डिस्क तापते आणि शू काचेसारखे गुळगुळीत होतात, मग ब्रेक लागतोय असं वाटतं पण लागत नाही. दाबा सोडा, दाबा सोडा, पुढचा मागचा दोन्ही, आणि वळणाच्या आधी स्पीड पाडा, वळणात नको. सप्टेंबर-ऑक्टोबरात फुलांच्या दिवसांत शनिवार-रविवारी कास रोडला पुण्या-मुंबईच्या गाड्यांची रांग असते, तेव्हा तर तुमचं हे सांगणं फार कामाला आलं. घाटातनं उतरताना मागनं हॉर्न वाजला तरी मी आता घाबरत नाही, ब्रेकवर भरवसा आहे, कारण ते कुणी बसवलेत ते माहितीये.

मामा, एक तक्रार आहे. तुम्ही पैसे फार कमी घेता. कनेक्टरच्या दिवशी तुमची आणि काकांची मिळून अख्खी दुपार गेली आणि तुम्ही पंक्चरच्या हिशोबानं पैसे सांगितलेत, मी जास्त देत होते तर “शाळंच्या बाईकडनं काय घ्यायचं” म्हणून परत केलेत. असं करू नका. हे काम साताऱ्यात दुसरं कोणी करत नव्हतं, पोवई नाक्यापासून गोडोलीपर्यंत मी विचारून आलेय, तुम्ही शिकलात म्हणून होतंय. आता हे वाचून लोक येतील, सज्जनगड-ठोसेघरच्या बाजूनं येतील, परळीचे येतील, त्यांच्याकडनं रीतसर मजुरी घ्या, नातवाला हाताखाली घ्या आणि त्याला तो पेपरवरच्या ओळींचा धडा पहिल्यांदा शिकवा. तो म्हणत होता त्याला पुण्याला जाऊन काहीतरी शोधायचंय. मला वाटतं हेच शोधायला हरकत नाही. व्होल्टेज-करंट मोजायचं मल्टिमीटर घ्यायचं म्हणत होता तो, ते मी घेऊन ठेवलंय, नाही म्हणायचं नाही, ते दुकानाला आहे, तुम्हाला नाही.

वाचणाऱ्यांना विनंती, मामांकडं जाताना घाईत जाऊ नका. ते आधी ऐकतात, मग सायकल स्वतः चालवून बघतात, मगच पाना हातात घेतात. आणि दुपारी एक ते तीन दुकान बंद असतं.

शनिवारी सकाळची शाळा सुटली की येते. मागच्या ब्रेकचे शू बघायचे आहेत, आणि आमच्या शाळेतल्या दुसऱ्या बाईंनीही सायकल घेतलीये, त्यांनाही घेऊन येते.

तुमची,
शाळेच्या बाई