पुलावर तुटलेली ट्राम

एस्प्लनेड-मैदान मार्ग वगळता कोलकात्यातील ट्राम बंद करण्याच्या पश्चिम बंगाल सरकारच्या निर्णयाचे समर्थन करणारा लेख वाचला. ट्रामला प्रवासीच उरले नाहीत, हा त्यातला मुद्दा अर्धवट आहे. १९४३ मध्ये हावडा पूल खुला झाला, तेव्हा त्यावरून पहिली धावली ती ट्रामच. १९९३ मध्ये पुलावरचा भार कमी करण्यासाठी तिलाच उतरवले. बस मात्र राहिल्या. हावडा स्टेशनात उतरलेला माणूस डोक्यावर बोचके घेऊन, पूल पायी ओलांडून ट्राम शोधायला कशाला जाईल? (आम्ही मुंबईकरांनी ती १९६४ मध्येच मोडीत काढली, हे कबूल.) २०२४ मध्ये हुगळी नदीखालून हावडा-एस्प्लनेड मेट्रो सुरू होताच पहिल्याच दिवशी गर्दी उसळली. ते प्रवासी काही आभाळातून पडले नव्हते.

– एक वाचक, दादर, मुंबई