दहा रकाने

मिरज,
१४ डिसेंबर

प्रिय मनू,

अनेक आशीर्वाद.

परवा फोन मीच आपटला. तू म्हणालीस, "मग माझ्याकडं अर्जात दाखवायला आहे तरी काय?" आणि मी म्हणाले, "नसेल तर नाही." तेव्हापासून घास गोड लागत नाही. फोनवर पुन्हा भांडण होईल, म्हणून लिहायला बसले.

त्या प्रमाणपत्राच्या चाळीस हजारांचा विषय मी काढणार नाही. फक्त एवढंच, की पैशासाठी नाही म्हटलं नाही मी. कधी न शिकवलेल्या मुलांना शिकवलं म्हणून प्रमाणपत्र विकत घ्यायचं, हे त्या सल्लागारबाईंना चालत असेल. मला नाही चालत, तुझ्या बाबांनाही चाललं नसतं. असो.

दादाकडून तो अमेरिकेचा अर्ज उघडून घेतला. अभ्यासाबाहेर काय केलं त्याचे दहा रकाने, प्रत्येकाला १५० अक्षरं. तुझे आठ मोकळे. मला वाटलं, ही माझीच बाकी आहे. सातवीत तुला कथक लावायचं होतं, तेव्हा नेमकं बाबांचं ते झालं. मग संध्याकाळी पाच ते आठ आपल्या पिठाच्या गिरणीवर तू आणि आजीजवळ मी. नववीत प्रदर्शनाला तुझा प्रयोग निवडला होता, त्या दिवशी पट्टा तुटला आणि मी तुला थांबवून घेतलं. तू एका शब्दानं बोलली नाहीस. बोलली असतीस तर बरं झालं असतं गं.

पण त्याच यादीत 'कौटुंबिक जबाबदाऱ्या' असाही एक प्रकार आहे. दादानं बोट ठेवून दाखवला. तू तो बघितलाच नाहीस, की बघूनही लिहावंसं वाटलं नाही?

मावशी म्हणाली, तू आता जर्मनीचं बोलतेस, कारण तिथं हे असलं विचारत नाहीत. अगं, बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी नाही हे खरं, पण बाडेन-वुर्टेंबर्गमध्ये बाहेरच्या मुलांना सत्राला १,५०० युरो आहेत. व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे अकरा हजारांवर युरो आधी खात्यात अडकवून दाखवायचे. नुसत्या बारावीवर बहुतेकांना थेट पहिल्या वर्षाला घेतही नाहीत, आधी एक वर्ष तिथल्या तयारीच्या कॉलेजात नाहीतर इथल्या विद्यापीठात काढावं लागतं. आणि अमेरिकेत बाहेरच्या मुलानं पैशाची मदत मागितली की बहुतेक ठिकाणी प्रवेश देताना तेही बघतात. हे सगळं तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार. मी उगाच शिकवत बसले, रागावू नकोस.

पुण्यात पाषाणला ती आयसर म्हणून विज्ञानाची संस्था आहे, तिचं मात्र ऐकून घे. तिथं एक प्रवेश परीक्षा, रकाने नाहीत. म्हणून तू त्याला 'राहिलेलं' म्हणतेस, ते मला खुपतं. पाच वर्षांचा अभ्यासक्रम, सुरुवातीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र, गणित सगळंच शिकवतात. तुला अजून यातलं एक सोडवत नाही, म्हणून म्हणते. मावशीच्या घरापासून जवळ आहे हे मी मुद्दाम लिहिणार नव्हते.

तुला लांब जायचं असेल तर जा. घराच्या कागदांचं मी बघेन, दादाशी बोलणं झालंय. पण ते आठ रकाने बघून तू स्वतःला कमी समजशील आणि त्या भरात कुठलं तरी एक धरशील, याची मला धास्ती आहे. कारण मोकळे ठेवले मी आणि लाज वाटून घेतेयस तू. हेच तिसऱ्यांदा लिहितेय, कळतंय मला.

काल माळ्यावर तुझी निळी वही सापडली. आठवीतली. गिरणीच्या दगडांना छिन्नीनं टाकी लावायच्या आधी पायलीभर ज्वारीला किती मिनिटं, लावल्यानंतर किती. कोणत्या महिन्यात विजेचं बिल किती. हात लावून पीठ 'कोमट', 'गरम', 'फार गरम'. पीठ तापायला लागलं आणि मिनिटं वाढली की टाकीची वेळ झाली, असं तू शेवटच्या पानावर लिहून ठेवलंयस. मला वाटायचं तू गिऱ्हाइकांची उधारी लिहितेस. पाटलांच्या काकू गव्हावर गहूच पाहिजे म्हणून अडून बसायच्या, तेव्हा तू मान खाली घालून लिहीत असायचीस आणि मी ओरडायचे, दळणाकडं लक्ष दे. कारागीर अजून म्हणतो, ताईंनी सांगितलेल्या दिवशीच यायचो मी, एकदाही फुकट फेरी झाली नाही.

हे १५० अक्षरांत बसेल का? मी दोनदा लिहून बघितलं, मला जमलं नाही. तुला जमेल.

वही एसटीच्या पार्सलनं शुक्रवारी पाठवतेय, सोबत भाजणी आणि शेंगदाण्याची चटणी. आजीचा पाय बरा आहे, तुझं नाव काढते. मागच्या वेळचे दोन डबे मावशीकडं राहिलेत, येताना घेऊन ये.

तुझी,
आई