थापी बाईच्या हाती का नाही?

महोदय,

चवथ (गणेशचतुर्थी) झाली, पाऊस ओसरला की आमच्या धंद्याचा हंगाम सुरू होतो. मी गोव्यातल्या फोंडा परिसरात घरबांधणीची लहानमोठी कंत्राटं घेते. पणजीतल्या आल्तिनोच्या पॉलिटेक्निकातून सिव्हिलचा डिप्लोमा केला, त्याला २२ वर्षं झाली. वर्गात आम्ही नऊ मुली होतो. आज साइटवर उभ्या राहणाऱ्या दोघीच. बाकीच्या कुणी एस्टिमेटच्या टेबलावर, कुणी शिकवण्यात, कुणी घरी. लोक म्हणतात, ऊन, धूळ, मजुरांची भाषा मुलींना झेपत नाही. शकुंतला भगत मुंबईच्या व्हीजेटीआय या इंजिनिअरिंग कॉलेजातून सिव्हिल इंजिनिअर झाल्या त्या १९५३ साली, आणि पुढे त्यांनी पूल बांधले. झेपण्याचा प्रश्न तेव्हाच मिटला. खरा प्रश्न संडासाचा आहे.

हे छापायला बरं दिसत नसेल, तरी छापा. माझी पहिली नोकरी एका मोठ्या हॉटेलच्या बांधकामावर होती. तीन मजले उभे राहिले तरी बायकांसाठी साधा आडोसा नव्हता. सकाळी निघताना मी चहासुद्धा घेत नसे. स्लॅबच्या दिवशी काँक्रीट चालू असताना जागा सोडता येत नाही. त्या दिवशी पाण्याची बाटली बॅगेतून काढायचीच नाही. वर्षभरात लघवीच्या जळजळीने दोनदा तापाने पडले आणि मुकाट्याने ऑफिसातलं काम मागून घेतलं. साहेबांचा शेरा ठरलेला : ‘मुली साइटवर टिकत नाहीत.’

मला निदान ऑफिस होतं. घमेली वाहणाऱ्या बाईला ते कुठलं? १९९६ साली बांधकाम कामगारांचा कायदा आला, त्याने संडास-मुताऱ्या सक्तीच्या केल्या. पण तो लागू होता दहा किंवा अधिक कामगार असतील तिथे. पाळणाघर हवं तर त्या कायद्यानुसार ५० हून जास्त बायका कामावर हव्या होत्या. आमच्याकडच्या बंगल्यांवर एका वेळी पन्नास बायका कुणी पाहिल्यात? म्हणून मूल साडीच्या झोळीत आणि झोळी शटरिंगच्या दोन टेकूंना.

आणि गवंड्याच्या थापीचं काय? माझ्याकडे कर्नाटकातल्या गदगकडची एक बाई आहे, सगळे तिला अक्का म्हणतात. अठरा वर्षं माल कालवतेय. दोन वर्षांपूर्वी एकदा मेस्त (गवंडी) चहाला गेला, तेव्हा तिने त्याची थापी उचलली आणि खिडकीच्या गिलाव्याची ओली कड ओढून घेतली. मी गुण्या (काटकोन) लावून पाहिला. सूतभर फरक नाही. मेस्त येताना दिसला तशी तिने थापी बादलीत टाकली आणि घमेलं डोक्यावर घेतलं. गवंड्याचा पोरगा दोन वर्षांत थापी धरतो. समान वेतनाचा कायदा १९७६ साली आला, पण तो समान कामाला. काम शिकूच द्यायचं नाही, तर रोज, म्हणजे दिवसाची मजुरी, समान होणार कसा?

गेल्या हंगामात मी तिला बाथरूमच्या फरशीचा ढाळ काढायला बसवलं. मेस्त रुसला, दोन दिवस आलाच नाही. (खरं सांगते, मीही घाबरले होते, घरप्रवेशाचा मुहूर्त ठरलेला होता.) फरशी बसल्यावर बादलीभर पाणी ओतलं. सगळं सरळ जाळीकडे गेलं, कोपऱ्यात थेंब साचला नाही. तेव्हापासून माझ्या हजेरीवहीत तिला गवंड्याचा रोज लागतो.

पण हे एका साइटवर. बांधकाम खर्चाच्या एक टक्का उपकर कामगारांच्या कल्याणासाठी वसूल होतो. त्यातून फिरते संडास आणावेत, आणि बायकांना कामाच्या जागीच, रोज न बुडता, गवंडीकाम शिकवावं. हातावर पोट असलेली बाई मजुरी सोडून आयटीआयत जाऊन बसणार नाही. पंचायतींनाही एक सांगणं आहे. परवाना देताना तुम्ही होणाऱ्या घराचा सेप्टिक टँक नकाशात कुठे आहे, हे बारकाईने बघता. तो टँक बांधणाऱ्या बाईने वर्षभर कुठे जायचं, हे विचारणारा रकाना अर्जात नाही. तेवढा एक वाढवा.

आपली,
एक बांधकाम कंत्राटदार, फोंडा