सुनंदाला, जावेच्या लेकराबद्दल

सातारा,
रविवार, दुपार

प्रिय सुनंदा,

परवा फोन ठेवता ठेवता तू जे बोललीस ते तेव्हापासून डोक्यातून जात नाही. धाकट्या जावेचा मुलगा अडीच वर्षांचा झाला, हाकेला वळून बघत नाही, चार शब्द यायचे तेही बंद झाले. आणि घरात सगळे म्हणतात, "त्याचा बापही चार वर्षांचा होईतो बोलला नव्हता." मी केंद्रात मुलांना शिकवत होते, समोर पालक बसले होते म्हणून "कळवते" एवढंच म्हणाले. आज निवांत लिहिते.

हे वाक्य मी आठवड्यातून एकदा तरी ऐकते. माणसं मायेनंच बोलतात, पण त्यात लेकराचं वर्ष निघून जातं. माझ्याकडच्या एका मुलाला दोन वर्षांचा असताना दवाखान्यात दाखवलं होतं. "मुलगे उशिरा बोलतात, थांबा," असं सांगून परत पाठवलं. तो आला तेव्हा साडेतीन वर्षांचा होता. मला अजून त्या सल्ल्याचा राग येतो. येत असलेले शब्द गेले, तर वय काहीही असो, थांबायचं नाही. एवढं जावेला आजच सांग.

आधी कान तपासा. भांडं पडलं की दचकतो म्हणजे ऐकू येतं, असं घरच्या घरी ठरवू नका. मोठा आवाज कळतो आणि बोलण्यातले बारीक आवाज निसटतात, अशी मुलं असतात. बेरा नावाची ऐकण्याची तपासणी मूल झोपलेलं असताना करतात, म्हणून त्या दिवशी त्याला पहाटे उठवा आणि वाटेत झोपू देऊ नका. बहुतेक जिल्हा रुग्णालयांत शीघ्र हस्तक्षेप केंद्र असतं, म्हणजे लहान मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणारं केंद्र, त्याची चौकशी करा. २०१३ पासून सरकारच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत मुलं तपासायला येतं. पण पथक येईल त्या दिवशी मूल अंगणवाडीत हवं ना! "हा रडतो, नको न्यायला" म्हणून नेमकं हेच मूल घरी ठेवतात.

तोवर जावेला एक बघायला सांग. हवी ती वस्तू तो बोटानं दाखवतो का? की आईचा हात धरून डब्यापर्यंत नेतो आणि तिच्याकडे बघतही नाही? उत्तर काहीही येऊ दे, मी मुलाला प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय त्याच्या अडचणीला कुठलं नाव देणार नाही.

तू विचारलं होतंस, एवढ्याशा मुलांना मी शिकवते तरी काय. एक सांगते, म्हणजे कळेल. त्याचं खरं नाव सांगत नाही, सोनू म्हणू. तीन वर्षांचा, शब्द एकही नाही. साबणाच्या फुग्यांची बाटली त्याला जीव की प्राण. मी एकदा फुंकते, झाकण घट्ट लावते, बाटली त्याच्यासमोर ठेवते आणि मनात दहा मोजते. या दहा अंकांत बोलायचं नाही, "काय हवं?" विचारायचं नाही, झाकणाला हात लावायचा नाही. मुलाला मागायला जागा द्यायची. ऐकायला सोपं वाटतं, पण सात-आठपर्यंत जीव कासावीस होतो, आणि आई असेल तर तिचा हात पुढे येतोच. पाच आठवडे सोनू माझा हात उचलून झाकणावर ठेवायचा, जणू हात माझा नव्हेच. सहाव्या आठवड्यात एकदा हात ठेवला आणि वर माझ्या डोळ्यांत बघितलं. मी लगेच फुंकलं. पुढे दोन दिवसांनी ओठांचा चंबू केला आणि आवाज आला, "फू."

आई म्हणाली, "परत म्हणेल ना?" नऊ दिवस म्हणालाच नाही.

या आयांकडून मी खूप शिकले, आणि एकीला दुखावूनही. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी तिच्या हातात घरी करायच्या चौदा गोष्टींचा कागद दिला होता. तिच्या घरी दोन म्हशी, सासू अंथरुणाला खिळलेली. तिसऱ्या आठवड्यापासून ती आलीच नाही. ते मूल माझ्या हातून निसटलं ही खंत आहे. आता मी कागद देत नाही. भाकरी थापतेस ना, मग पिठाचा गोळा त्याच्या हातात दे आणि "दे" म्हणून हात पसर. आंघोळ घालताना तांब्या वर धर आणि थांब. वेगळा वेळ काढायला सांगितलं तर तो निघत नाही, तिच्या दिवसातच जागा शोधावी लागते.

डी.एड.ला असताना आपण कोसबाडच्या टेकडीवर गेलो होतो, आठवतं? मुलं बालवाडीपर्यंत येत नाहीत, तर बालवाडी त्यांच्या अंगणात न्यायची, हे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचं तिथलं काम. मला ते तेव्हा पुस्तकी वाटलं होतं. आज मी रोज तेच करते. आणि कायदा बघ. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीस झाले, स्वमग्नताही (ऑटिझम) आली, हे फार चांगलं झालं. पण मोफत शिक्षणाचा हक्क त्यात सहा ते अठरा वर्षांचा. सहाच्या आतली वर्षं, जेव्हा मूल सगळ्यात झपाट्यानं शिकतं, ती आईच्या आणि आमच्यासारख्या मानधनावरच्या बायांच्या भरवशावर. यावर बोलायला लागले की माझा आवाज चढतो, म्हणून इथेच सोडते.

सोनूचं राहिलं. दहाव्या दिवशी त्याचे वडील ओट्यावर बशीत चहा ओतून फुंकत होते. सोनू लांबून धावत आला, बशीकडे बघितलं, बापाकडे बघितलं आणि म्हणाला, "फू." वडील एरवी केंद्राच्या पायऱ्यासुद्धा चढायचे नाहीत. बायकोच्या हातून फोन घेऊन म्हणाले, "मॅडम, मी चहा पुन्हा पुन्हा ओतला. चार वेळा म्हणाला." आता गुरुवारी तेच घेऊन येतात त्याला.

येत्या शनिवारी जावेला आणि दिरांना, दोघांनाही, घेऊन ये. सकाळी दहाची वेळ राखून ठेवते, त्याच्या झोपेची वेळ वेगळी असेल तर आधी कळव. त्याचं आवडतं खेळणं आणि आवडता खाऊ आणा, पण वाटेत देऊ नका. आजेसासूबाई यायच्या म्हणाल्या तर त्यांनाही आण, त्यांच्याशी मी बोलेन. आणि जावेला सांग, तिनं काही चुकीचं केलेलं नाही. हे तिला घरात कुणी सांगितलं नसेल.

तुझीच,
वैशाली